बेडकाच्या पायाखालची माती

पहाटे ५:३०

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत सहाला पाणी सोडतात. त्याआधीचा अर्धा तास मी बेडकांसाठी राखून ठेवला आहे, कारण त्यांचा दिवस आता संपत आलेला असतो. ऑस्ट्रेलियन हिरवे झाडबेडूक रात्रभर हिंडतात आणि उजाडलं की पानाच्या देठाशी किंवा काचेच्या कोपऱ्यात पाय दुमडून बसतात, ते थेट संध्याकाळपर्यंत. रात्रीचं काही पाहायचं असेल तर दिवे लावण्याआधी, मंद विजेरीच्या उजेडात पाहावं लागतं.

मी आधी मातीकडे पाहते, बेडकांकडे नंतर. वरची सुकी पानं कालच्यापेक्षा विरली आहेत का? काचेला लागून मातीच्या फटीत पांढरे ठिपके हलताहेत का? झाकण उघडल्यावर वास कसला येतो? जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्याचा वास आला की जीव भांड्यात पडतो. आंबूस वास आला किंवा नाकाला झोंबलं, तर खाली कुठेतरी पाणी साचलंय, हवा पोचत नाहीये, आणि बेडूक कितीही टवटवीत दिसत असला तरी तो धोक्यात आहे.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला, मांड्यांलगत, त्याची कातडी पातळ असते. ओल्या जागेवर बसला की तिथूनच तो पाणी शोषून घेतो. म्हणजे ज्या मातीवर तो बसतो, तीच तो पितो. त्याच्या मूत्रातला युरिया, विष्ठा, न खाल्लेला मेलेला रातकिडा हे सगळं त्याच मातीत उतरतं. जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तो अमोनिया त्याच कातडीतून परत आत जातो. ओढ्याकाठी पाऊस पडतो, पाणी वाहतं, घाण पुढे जाते. काचेच्या पेटीत पुढे जायला जागाच नाही. तिथे घाण पचवणारं कुणीतरी आतच राहायला हवं.

ते कुणीतरी वाढवणं, लोकांच्या घरच्या पेट्यांत सोडणं आणि मग त्या पेट्या सांभाळणं हे माझं काम. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत. आम्ही पाळणारे त्यांना सफाई पथक म्हणतो. त्यात दोनच मुख्य गट: स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड.

आता हातात चिमटा. पूर्ण वाढलेल्या झाडबेडकाची विष्ठा चांगली बोटाच्या पेराएवढी असते आणि ती मी स्वतः उचलते. पथक सोडलं म्हणजे आपण मोकळे, असं ज्यांना वाटतं त्यांच्या पेट्या पहिल्या पावसाळ्यातच बिघडतात. पथक ते करतं जे चिमट्याला जमत नाही: फटीत अडकलेला कण, पानाखालची बुरशी, मातीत झिरपलेलं.

सहाला पाणी आलं. नळाचं पाणी उल्हास नदीचं, क्लोरीन घातलेलं. आपल्याला ते चालतं, बेडकाच्या कातडीला चालत नाही. बादलीत उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन असेल तर तो तसा जात नाही, म्हणून मत्स्यटाक्यांसाठी मिळणारं क्लोरीननाशक औषध दोन थेंब टाकते. आषाढात बाहेर धो धो पाऊस पडत असताना हा खटाटोप कशाला, असं शेजारी विचारतात. डोंबिवलीच्या छपरावरचं पाणी मी बेडकांना देत नाही. त्याचं कारण थोड्या वेळाने येईलच.

सकाळी ७

मागच्या गॅलरीला पत्रा आहे, ऊन येत नाही. तिथे माझी डब्यांची मांडणी आहे. दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम इथलं, आणि खरं काम म्हणावं तर तेही इथलंच.

स्प्रिंगटेलच्या डब्यांत माती नसते, लोणारी कोळसा असतो. कोळशाचे तुकडे धुऊन डब्यात भरायचे, तळाला बोटभर पाणी ठेवायचं, वर चिमूटभर कोरडं यीस्ट किंवा चार-पाच तांदळाचे दाणे टाकायचे. दाण्यांवर बुरशी येते आणि तीच त्यांचं अन्न. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे हे पांढरे जीव त्या बुरशीवर असे दाटतात की तांदूळ दिसेनासा होतो. रोज झाकण एकदा उघडून हवा द्यायची. त्यांना पेटीत न्यायचं असेल तर डब्यात पाणी ओतायचं: कोळसा खाली राहतो, स्प्रिंगटेल पाण्यावर तरंगतात, आणि पाणी ओतलं की सगळे त्याबरोबर निघतात. त्यांचं अंग पाण्याने भिजत नाही.

या जिवांबद्दल मला फार आदर आहे. पोटाखाली दुमडून अडकवलेली शेपटी सुटली की ते हवेत उडतात. सहा पाय असूनही शास्त्रज्ञ आता त्यांना कीटकांत धरत नाहीत. त्यांचा स्वतंत्र गट आहे आणि त्यात ९,००० च्या वर जातींची नोंद झाली आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडात त्यांचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आहे. तेव्हा जमिनीवर फुलझाडं नव्हती, बेडूकही नव्हते. पाळणाऱ्यांत पुष्कळदा वाढवली जाते ती जात फॉल्सोमिया कँडिडा. तिच्यात नर लागत नाही, मादीच मादीला जन्म देते, त्यामुळे एका चमच्यातून डबा भरतो.

आणि हीच फॉल्सोमिया जगभर दुसऱ्या एका कामाला लावलेली आहे. एखाद्या जागेची माती विषारी झाली आहे का, हे तपासायचं असेल तर प्रयोगशाळेत त्या मातीत स्प्रिंगटेल सोडतात आणि २८ दिवसांनी पिल्लं किती झाली ते मोजतात. त्याची आंतरराष्ट्रीय मानक पद्धतच ठरलेली आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट कानात साठवून ठेवावी. २०२० च्या फेब्रुवारीत इथल्या एमआयडीसीतला रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला होता, सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले होते. त्या भागात रस्त्याकडेला बदामाची मोठी, जाड पानं ढिगाने पडतात आणि माझ्या पेट्यांना नेमकी तीच हवी असतात. मी त्यांना हात लावत नाही. छपरावरचं पावसाचं पाणी घेत नाही तेही याचसाठी. जो जीव मातीचं विष मोजायला वापरतात, त्यालाच मी शंकास्पद पानं खायला घातली तर पहिल्यांदा तोच जाईल, आणि त्याच्या मागोमाग बेडूक.

आयसोपॉडचे डबे खालच्या फळीवर. कुंडी उचलली की खालून जे राखाडी, चौदा पायांचे, कवचाचे जीव इकडेतिकडे पळतात, ते हेच. खेकडे आणि झिंगे यांच्या कुळातले, पण जमिनीवर येऊन राहिलेले. श्वास अजूनही ओलीवरच चालतो: पोटाखालच्या पातळ पापुद्र्यांतून ते हवा घेतात आणि ते पापुद्रे सुकले की जीव जातो. म्हणून डब्याचा अर्धा भाग ओला आणि अर्धा कोरडा ठेवायचा. कुठे बसायचं ते त्यांचं ते ठरवतात. मादीच्या पोटाखाली पिशवी असते, अंडी तिथेच उबतात, आणि बाहेर येतात ती सरळ चालणारी पांढरी पिल्लं. कात टाकतात तीही दोन टप्प्यांत, आधी मागचं अर्धं अंग आणि मग पुढचं. आज एका डब्यात एक जण अर्धा फिका, अर्धा निळसर असा सापडला. नवीन पाळणारे त्याला आजारी समजून बाहेर काढतात, पण त्याला काहीही झालेलं नसतं.

कवच बांधायला त्यांना चुनखडी लागते. समुद्रफेन पक्ष्यांच्या दुकानात मिळतं, त्याचा तुकडा ठेवते. नाहीतर उकळून वाळवलेली अंड्याची टरफलं कुस्करून टाकते. आठवड्याला एखादी गाजराची चकती. मुख्य जेवण मात्र सुकं पान. पान ते कुरतडतात, त्याचा भुगा करतात, स्वतःची लीद पुन्हा खातात, आणि त्या भुग्यावर बुरशी-जिवाणूंचं काम सुरू होतं. ती बुरशी स्प्रिंगटेल खातात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट पेटीत लावलेल्या मनीप्लांटची मुळं ओढून घेतात. यातलं एक जरी गळलं तरी बाकीच्यांवर ताण येतो.

बेडकाच्या पेटीत मी शक्यतो छोटी पांढरी जात सोडते, ट्रायकोऱ्हायना टोमेंटोसा. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. मातीत दडून राहते, हिच्यातही नर लागत नाही, आणि बेडकाने काही गिळल्या तर उलट त्याला चुना मिळतो. मोठ्या, प्रथिनांना हपापलेल्या पोर्सेलिओ जाती दिसायला देखण्या, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या असतात आणि लोक त्यांच्यासाठी हट्ट धरतात. त्या मी बेडकांजवळ ठेवत नाही. भुकेल्या झाल्या तर निजलेल्या, नाजूक कातडीच्या प्राण्याला चावे घेऊ शकतात.

सकाळी ९

डबे पिशवीत, पिशवी पोटाशी, आणि कल्याणकडे जाणारी लोकल. या वेळेला सगळी डोंबिवली मुंबईकडे तोंड करून उभी असते, म्हणून सकाळची कामं मी कल्याणची घेते. उलट्या दिशेला पाय ठेवायला जागा मिळते. महिलांच्या डब्यात एकीने विचारलं, “ताई, खाऊ आहे का?” मी झाकणाच्या जाळीतून दाखवलं. ती मागे सरकली नाही. म्हणाली, “आमच्या मुरबाडला शेणखतात असले ढीग असतात.” ठाकुर्ली येईपर्यंत आम्ही शेणखतावरच बोलत होतो.

सकाळी १०

कल्याण पश्चिम, खडकपाड्याच्या बाजूची इमारत. सातवीतला मुलगा, त्याची आजी आणि एक शिंगाळा बेडूक, ज्याला सगळे पॅकमॅन म्हणतात. मूळचा अर्जेंटिना-पॅराग्वेकडचा. मूठभर आकाराचा, तोंड अंगाच्या अर्ध्याएवढं. तो मातीत रुतून दिवसच्या दिवस एकाच जागी बसतो आणि समोर आलेलं गिळतो. म्हणजे जिथे बसतो तिथेच हगतो, आणि तिथूनच पाणी शोषतो. माती सगळ्यात जास्त महत्त्वाची कुणाला असेल तर याला.

झाकण उघडलं आणि वासाने कळलं. दोन बोटं कोकोपीट, तेही चिखल झालेलं, खाली निचऱ्याला काही नाही.

“ताई, मी तर रोज पाणी मारतो,” मुलगा म्हणाला.

“मारतोस ते कळतंय रे. पण ते जातं कुठे?”

त्याने डब्याकडे पाहिलं आणि त्याचं त्यालाच उमगलं. हुशार मुलगा आहे.

बेडूक आधी बाहेर काढला. तो आता स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात, ओल्या टिश्यूपेपरवर राहील. कागद रोज बदलायचा. त्याची मांडी आणि पोट नीट पाहिलं, लाली नव्हती. लाली किंवा सुस्ती असती तर मी मातीला हात न लावता सरळ पशुवैद्याकडे पाठवलं असतं. पथक म्हणजे औषध नव्हे.

मग नवी पेटी. तळाला भाजलेल्या मातीचे गोळे, त्यावर नायलॉनची जाळी, जाळीवर चार-पाच इंच माती: कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत, थोडी वाळू, कोळशाचा चुरा. वर उकळून वाळवलेली पानं. मग डब्यातले स्प्रिंगटेल आणि छोटे पांढरे आयसोपॉड. मुलाने स्वतःच्या हाताने ओतले आणि पाण्यावरून टुणटुण उडणारे ठिपके पाहून हरखला.

“आता बेडूक ठेवू?”

“नाही. तीन-चार आठवडे थांब. आधी यांना घर लागू दे, पोरं-बाळं होऊ दे. आज बेडूक ठेवलास तर ते हरतील.”

हे पटवणं माझ्या कामातलं सर्वांत अवघड. लोक बेडूक आणतात, पेटी सडते आणि मग पथक मागवतात. क्रम नेमका उलटा हवा. आणि शिंगाळ्या बेडकाच्या घरी मी हेही स्पष्ट सांगते की त्याची विष्ठा एवढी मोठी असते की कुठलंही पथक एकटं पुरे पडणार नाही. दिसली की उचलायची, आणि काही महिन्यांनी माती थोडी थोडी बदलायची. सगळी एकदम नाही, नाहीतर पथकही केरात जातं.

आजी इतका वेळ दारात उभ्या होत्या. “हे किडे घरभर होणार नाहीत ना गं?”

“नाही होणार, आजी. फरशीवर आले तर सुकून मरतात. यांना सतत ओल लागते.”

“मग गांडुळं का नाही टाकत? आमच्या गच्चीवर खताच्या टबात ढीग आहेत.”

प्रश्न अगदी नेमका. खताची लाल गांडुळं, आयसेनिया फेटिडा, कचऱ्याच्या टबात राजा आहेत. पण दुखावली की पिवळट, वाईट चवीचा स्राव सोडतात, बेडूक त्यांना थुंकून टाकतो, आणि त्या स्रावातलं एक प्रथिन कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींना घातक ठरतं. शिवाय ती मातीचा सगळा भुसभुशीतपणा गिळून तिचा गिलावा करतात. आजींना हे लगेच पटलं. “टबात तळाशी तसंच होतं,” त्या म्हणाल्या. जाताना त्यांच्या खताची एक पिशवी मी मागून घेतली, माझ्या मनीप्लांटसाठी. पैसे घेईनात, पुढच्या खेपेला स्प्रिंगटेलचा एक डबा त्यांच्या कुंड्यांना देणार आहे.

दुपारी १

कल्याण स्टेशनबाहेर पोळी-भाजीचा डबा संपवला. बदलापूरकडच्या एका वाडीतून पानांचं पोतं आलं होतं, ते ताब्यात घेतलं. तिथे फवारणी होत नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिलेलं आहे. बदाम, फणस, पेरू, थोडा साग. पेरूचं पान लवकर विरतं, फणसाचं आणि सागाचं टिकतं. दोन्ही मिसळलं की पथकाला आजचंही मिळतं आणि पुढच्या महिन्याचंही. घरी आणून उकळायचं आणि पंख्याखाली वाळवायचं. ओलं पोतं तसंच ठेवलं तर चिलटं आणि माइट पेटीत शिरतात, आणि या दिवसांत ते निस्तरायला आठवडे जातात.

दुपारी ३:३०

ठाण्याला उतरून घोडबंदर रोडची बस. रस्त्याचं काम, पाणी, उशीर. त्यावर लिहिण्यात अर्थ नाही.

विसाव्या मजल्यावरची ही पेटी मी लावलेल्यांत सगळ्यात सुंदर आहे: नेचे, शेवाळ, मागच्या भिंतीला फर्नची मुळं, आणि आत हिरव्या झाडबेडकांची जोडी. १८२९ च्या सुमाराला लंडनमधल्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आतल्या मातीत नेचा आपोआप उगवून टिकलाय. त्याच्या काचपेट्यांतूनच पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली. झाडं काचेत जगतात हे माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे. प्राणी ठेवायचा तर मातीतला जीवही त्याच्याबरोबर लागतो, हे लक्षात घ्यायला मात्र पाळणाऱ्यांना पुष्कळ काळ लागला.

पेटी सुंदर होती, पण माती मुकी वाटली. पान उचललं: एकही ठिपका नाही. फवारा मारून थांबले, तरी नाही. “मागच्या आठवड्यात काही फवारलंत का घरात?” घरात नाही, पण सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी झाली होती आणि गॅलरीचं दार उघडं होतं. डेंग्यूच्या दिवसांत धूर मारावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातली कीटकनाशकं डासांइतकीच स्प्रिंगटेल आणि आयसोपॉडनाही मारतात. बेडूक दिसायला ठीक असतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पेटीला वास यायला लागतो तेव्हा लोकांना कारण सुचत नाही. फवारणीची सूचना लागली की खिडक्या बंद करायच्या आणि पेटीवर ओला पंचा टाकून ती आतल्या खोलीत न्यायची. डासांच्या मशीनलाही त्या खोलीत जागा नाही. मी वरची पानं आणि मातीचा वरचा थर काढला, पाणी बदललं आणि पिशवीतलं राखीव पथक सोडलं. बेडकांना दोन आठवडे टिश्यूवर ठेवायला सांगितलं.

घरमालकांना आता डार्ट फ्रॉग हवे आहेत, निळे. दिसायला रत्नासारखे, मान्य. पण हे बेडूक ज्यात मोडतात ती डेंड्रोबेट्स प्रजाती साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करणं बंधनकारक आहे, त्याचे नियम २०२४ मध्ये निघाले. कागद कुठे आहेत, कोणत्या देशातून आले, हे विचारल्याशिवाय मी त्या बेडकांसाठी पेटी लावत नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ही मोठी गोष्ट.

संध्याकाळी ६

ठाणे स्टेशनवर उभी असताना फोनवर फोटो आला. पावसाळ्यात असे फोटो येतातच. एक तरुण, येऊरला फिरायला गेलेला. पानावर चुनाम झाडबेडूक, बाजूला पाण्यावर लोंबणारं त्याचं फेसाचं घरटं. खाली लिहिलेलं: “ताई, याला घरी नेलं तर तुमचं पथक मिळेल का?”

मी ताबडतोब फोन केला. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून बेडूक काय, पानही उचलायचं नाही. तो बेडूक या दिवसांत तिथे आहे तो जोडीदारासाठी. त्याला उचललं तर पुढच्या वर्षीचे बेडूकही उचलले. आणि त्याच्या पायाखाली येऊरची जी माती आहे, तसली माती मी कुठल्याही डब्यात वाढवू शकत नाही.

याहून मोठी भीती दुसऱ्या बाजूची आहे. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते. १९९८ मध्ये तिचा छडा लागला, आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने ५०१ उभयचर जातींच्या घसरणीशी तिचा संबंध जोडला; त्यांतल्या ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांतही तिचा संसर्ग असल्याचं पुण्याच्या नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तिचे परके वाण फिरतात. त्यामुळे ऑस्ट्रेलिया-अर्जेंटिनाचा बेडूक, त्याचं पाणी, त्याची माती यातलं काहीही ठाण्याच्या नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी जाता कामा नये. माझ्याकडची काढलेली माती मी पूर्ण तापवून, कोरडी करून, पिशवी बांधून टाकते. पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून मगच ओतते. सफाई पथकालाही हाच नियम. परदेशी आयसोपॉड बागेत सोडणं हे पुण्य नाही.

त्या तरुणाने बेडूक तिथेच ठेवला. फोटो मात्र फार छान काढला होता. तो मी जपून ठेवलाय.

रात्री ८:३०

डोंबिवलीला उतरून बाजारातून गाजरं घेतली, घरी आले, पानांचं पातेलं गॅसवर चढवलं. उकळत्या फणसाच्या पानांचा वास घरच्यांना आता सवयीचा झालाय.

आता बेडकांचा दिवस सुरू होतो. दिवे मालवले की आधी डोळे हलतात, मग एक पाय काचेवर. रातकिड्यांना कॅल्शियमची भुकटी लावून चिमट्याने एकेक दिला. सुटे रातकिडे पेटीत सोडून झोपायला गेलं तर ते रात्री आयसोपॉडची पिल्लं आणि कोवळी पानं खातात, वेळप्रसंगी निवांत बसलेल्या बेडकालाही कुरतडतात. म्हणून मोजून द्यायचे आणि उरलेले परत काढायचे.

वहीत नोंद: कल्याणची पेटी, बेडूक ठेवण्याची तारीख, घोडबंदरचं पथक पुन्हा तपासायचं, कोळशाचा तिसरा डबा भरत आलाय, तो दोन डब्यांत वाटायचा.

पावसाळ्यात बेडकांवर सगळ्यांचं प्रेम जागं होतं, म्हणून हे आत्ताच सांगते. बेडूक आणायचा विचार असेल तर आधी पेटी लावा, माती भरा, स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडा आणि महिनाभर नुसतं त्यांच्याकडे पाहा. तेवढ्यात कंटाळा आला तर बेडूक आणू नका. विकत घेताना पावती मागा, जात विचारा, कायद्याची यादी तपासा. शेतातला, विहिरीतला, येऊरचा बेडूक घरी आणू नका. आणि पाळलेला बेडूक नकोसा झाला तर तो मासुंदा तलावात, खाडीत किंवा जंगलात सोडू नका. ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्या, नाहीतर दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवा.